सोलर बागदिवा घरी बनवताना हिशेब जुलैचा धरा

आगरातला:

बाजारातले खांबासारखे सोलर दिवे आमच्या वाडीत जवळजवळ प्रत्येकाने आणून झाले. मे महिन्यात झकास चालतात. आषाढात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, रात्री नऊला माना टाकतात. रत्नागिरीकडच्या माणसाला अंगणातला दिवा हवा असतो तो पावसाळ्यातच. वीज गेलेली असते, पाखाडी (दगडी पायवाट) शेवाळलेली असते आणि पाऊल टाकायच्या आधी तिथे फुरसं नाही ना हे बघायचं असतं. म्हणून मी स्वतः दिवे बांधायला घेतले. ते चांगले चाललेत, तेव्हा सगळं सविस्तर लिहितो.

मुद्दा एकच आहे. दिवा किती वॅटचा, तिथून सुरुवात करू नका. वर्षातला सगळ्यात वाईट महिना कोणता आणि त्या महिन्यातल्या रात्री किती तास उजेड हवा, तिथून सुरुवात करा. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

माझा हिशेब असा. एक वॅटचा वॉर्म व्हाइट एलईडी घेतला, पण तो ३५० मिलीअँपवर न चालवता ६० मिलीअँपवर चालवला. वीसएक ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) मिळतात. साधी मेणबत्ती बाराएक ल्युमेन देते, म्हणजे दोन मेणबत्त्यांच्या आतबाहेर. ऐकायला कमी वाटेल, पण हा उजेड चारी दिशांना न पसरता सगळा खाली पायवाटेवर पडतो. एलईडी जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, तोंड खाली. १२० अंशांचा कोन धरला तर दीड मीटर व्यासाचं वर्तुळ उजळतं आणि तिथे १० लक्सच्या (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास उजेड येतो. पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स असतं. पाय कुठे ठेवायचा ते कळायला १० लक्स भरपूर झाले.

आता बॅटरी. ६० मिलीअँप गुणिले ११ तास म्हणजे रात्रीचे ६६० एमएएच (मिलीअँप-तास). मी लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३२ मिमी जाड, ७० मिमी लांब, ६००० एमएएचचा सेल वापरतो. अजिबात ऊन पडलं नाही तरी नऊ रात्री निघतात.

पॅनेल ६ व्होल्ट, ३ वॅटचं, काचेचं. भर उन्हात सुमारे ५०० मिलीअँप देतं. उघडीप असेल तर दिवसाचे पाच तास पूर्ण उन्हाच्या बरोबरीचे धरता येतात, म्हणजे २५०० एमएएच. झड लागली की तोच आकडा एका तासावर येतो. नुकसान वजा जाता ४०० एमएएच हाती लागतात. रोज २६० ची तूट. ६००० च्या सेलला ही तूट तीन आठवडे सोसते, आणि सलग तीन आठवडे एवढा काळोखा पाऊस आमच्याकडेसुद्धा सहसा नसतो. मधे एक दिवस ऊन पडलं तरी हजार-दोन हजार एमएएच भरून निघतात.

जोडणी: पॅनेलच्या प्लसपासून शॉट्की डायोड (१एन५८१९, विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), तिथून चार्जर मॉड्यूल, तिथून सेल. चार्जर ३.६ व्होल्टचाच हवा. दुकानात पटकन हातात ठेवतात तो टीपी४०५६ इथे चालत नाही, तो ४.२ व्होल्टपर्यंत नेतो आणि फॉस्फेटच्या सेलची वाट लावतो. टीपी५००० च्या मॉड्यूलवर ३.६ निवडायची सोय असते. इनपुट कमी पडला की करंट आपोआप कमी करणारा चार्जर मिळाला तर उत्तम, ढगाळ हवेत तो पॅनेलचा गळा आवळत नाही.

अंधार पडल्यावर दिवा लागण्यासाठी वेगळा सेन्सर नको. पॅनेलच सेन्सर. एक पी-चॅनेल मॉसफेट (एओ३४०१, गेट या पायावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा स्विच; बाकीचे दोन पाय सोर्स आणि ड्रेन) घ्यायचा, सोर्स सेलच्या प्लसला, ड्रेन ७ ते १० ओहमच्या रोधातून एलईडीला, आणि गेट १० किलोओहममधून पॅनेलच्या प्लसला. दिवसा पॅनेलचा व्होल्टेज सेलपेक्षा जास्त, दिवा बंद. सांज झाली, व्होल्टेज पडला, दिवा सुरू. पॅनेलच्या प्लस-मायनसमध्ये ४.७ किलोओहमचा रोध टाकायला विसरू नका, नाहीतर रात्री गेट लोंबकळत राहतो. आणि गेटची तार डायोडच्या अलीकडून, पॅनेलच्या बाजूने घ्या. पलीकडून घेतलीत तर चार्जरमधून मागे येणाऱ्या व्होल्टेजला तो दिवस समजतो आणि दिवा लागतच नाही.

फोटो रात्री टाकतो. प्रश्न विचारा.

गुलबक्षी:

किती छान लिहिलंत दादा. मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही येत नाही, पण ४५ सेंटिमीटरवर खाली तोंड करून लावायची कल्पना लगेच पटली. आमच्या सोसायटीत दिवे डोळ्यांवर येतात आणि पायाखालचं काहीच दिसत नाही. एक विचारू? साधा मोबाइलमधला असतो तसा लिथियम सेल का नाही वापरायचा? तो सगळीकडे मिळतो.

आगरातला:

ताई, दोन कारणं. पांढऱ्या एलईडीला या करंटला २.८ ते ३ व्होल्ट लागतात. फॉस्फेटचा सेल भरलेला असो वा अर्धा, ३.२-३.३ व्होल्टवर ठाण मांडून असतो, त्यामुळे साध्या रोधावर काम भागतं आणि उजेड रात्रभर सारखा राहतो. साधा लिथियम आयन ४.२ पासून ३ पर्यंत घसरतो. संध्याकाळी भगभगीत, पहाटे मिणमिणता. दुसरं म्हणजे आयुष्य. फॉस्फेटचे सेल दोन हजारांच्या वर चार्ज-डिस्चार्ज सहज काढतात आणि उष्णतेतही जास्त सुरक्षित असतात. दारासमोर, पोरांच्या हाताशी ठेवायची वस्तू आहे.

तारायंत्र:

सेल घेताना वजन करून घ्या, हे माझ्याकडून जोडतो. १८६५० आकारात चांगल्या कंपनीचा लिथियम आयन सेल साधारण ३५०० एमएएचच्या आसपास असतो आणि ४५ ते ५० ग्रॅम भरतो. वर ९९०० छापलेले पण हातात पिसासारखे लागणारे सेल सर्रास विकले जातात. फॉस्फेटचा ६००० वाला सव्वाशे ग्रॅमच्या वर भरायला हवा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला समोर मोजून घेता येतं. तिथल्या चांगल्या दुकानदाराला त्याचं वाईट वाटत नाही.

पॅनेलही तपासून घ्या. बारा वाजताच्या उन्हात मल्टिमीटर १० अँपवर लावून पॅनेलच्या दोन तारा थेट जोडल्या की शॉर्ट सर्किट करंट कळतो. पॅनेलला त्याने काही होत नाही. हाच प्रयोग बॅटरीवर कधीही करू नका. ३ वॅटच्या पॅनेलने २०० मिलीअँप दाखवले तर ते पॅनेल ३ वॅटचं नाही, मागे चिकटवलेल्या लेबलवर काहीही असो.

नांगरट:

आम्ही चंद्रपूरकडचे. आमचा वाईट महिना जुलै नाही, मे आहे. ऊन भरपूर, पण बॅटरी शिजते. सावलीत ४५ च्या वर पारा, मग उन्हात तापलेल्या काळ्या डब्यात काय होत असेल? तयार दिव्यांमधले सेल आमच्याकडे दोन उन्हाळे काढत नाहीत. मी खांब म्हणून ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप वापरला, दीड फूट जमिनीत गाडला आणि सेल तळाशी, मातीच्या पातळीखाली ठेवला. माती दुपारीसुद्धा थंड असते. पाइपला बाहेरून पांढरा रंग. पॅनेलही गरम झालं की कमी देतं, दर अंशाला ०.४ टक्के धरा, त्यामुळे ते पाइपला चिकटवून न लावता खालून हवा खेळेल असं दोन बोटं वर उचलून बसवलं.

आगरातला:

नांगरट, तुमच्याकडे हे अगदी योग्य. आमच्याकडे सेल जमिनीत ठेवला तर पावसाळ्यात तो विहिरीतच ठेवल्यासारखा होईल. मी सेल पाइपच्या मध्यावर, जमिनीपासून हातभर उंच, फोमच्या गुंडाळीत अडकवलाय. वर टोपी एवढी रुंद की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन सोडलं तर पाइपवर सावली असते.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कोकणात दिवे मरतात ते यानेच. डबा सगळीकडून सिलिकॉनने बंद केला की पाणी येणार नाही, असं वाटतं. पण दिवसभर आतली हवा तापून फुगते, पावसाची सर आली की एकदम थंड होऊन आक्रसते, आणि जिथे केसाएवढी फट असेल तिथून पाणी आत ओढते. आत आलेलं पाणी मग बाहेर पडत नाही. म्हणून वरून घट्ट, खालून मोकळं. पाइपच्या तळाच्या बुचाला ३ मिमीचं भोक पाडा. हवा तिथून ये-जा करते आणि आत दव धरलं तर ठिबकून जातं. या भोकावर मच्छरजाळीचा तुकडा मात्र चिकटवाच. कुंभारीण माशी असली भोकं शोधतच असते. दोन दिवसांत आत मातीचं घर बांधून, त्यात अळ्या भरून, वरून लिंपून टाकते.

खारी हवा तांबं खाते. शक्य असेल तर कल्हई केलेली तार घ्या. डाग दिल्यावर प्रत्येक सांध्यावर नेलपॉलिशचे दोन हात द्या, हिरवा जंग धरत नाही.

उत्तररात्र:

मला एक वेगळी शंका आहे. मी असाच पॅनेल-सेन्सरचा दिवा बांधला, पण तो रात्री अर्धवट जळतो. गेटपाशी नगरपालिकेचा दिवा आहे. त्याचा संबंध असेल का?

तारायंत्र:

त्याचाच. पॅनेलवर रस्त्याचा दिवा पडला की अगदी थोडा, वीस-तीस मायक्रोअँप करंट येतो. तुम्ही पॅनेलवर १०० किलोओहमचा रोध लावला असेल तर ३० मायक्रोअँपनेही ३ व्होल्ट तयार होतात आणि मॉसफेटला अर्धवट पहाट झाल्यासारखं वाटतं. तिथे ४.७ किलोओहम लावा, तोच करंट पाव व्होल्टही उभा करू शकणार नाही. संध्याकाळी दिवा थोडा लवकर लागेल, एवढाच फरक.

दिवा दर सेकंदाला लुकलुकत असेल तर मात्र त्याचा स्वतःचाच उजेड पॅनेलवर पडतोय. समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतूनही पडतो.

उत्तररात्र:

रोध १०० किलोच होता! बदलला, आता संपूर्ण पेटतो. मनापासून धन्यवाद. अजून एक, एओ३४०१ फार बारीक आहे, माझ्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाखाली दिसतच नाही. दुसरा जरा मोठा भाग सुचवा ना, पुढच्या दिव्यांना वापरेन.

तारायंत्र:

बीसी३२७ घ्या, पीएनपी ट्रान्झिस्टर, तीन लांब पाय. एमिटर सेलच्या प्लसला, कलेक्टर एलईडीकडे, बेस ४७० ओहममधून पॅनेलच्या प्लसला आणि पॅनेलवरचा रोधही ४७० ओहमचा. यात रात्रभर अडीच-तीन मिलीअँप बेसमधून जातात, ११ तासांचे तीसएक एमएएच. आगरातल्यांच्या हिशेबात ते सहज बसतात. दिवसा पॅनेलचे बारा-तेरा मिलीअँप त्या रोधातून जातील, तेही परवडतं.

मास्तर८:

जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीच्या मुलांकडून हे करून घेतो, म्हणून लहान आवृत्ती सांगतो. एवढा मोठा सेल, चार्जर वगैरे मुलांच्या हाती द्यायला नको वाटतं. क्यूएक्स५२५२एफ नावाचा चार पायांचा भाग मिळतो, स्वस्तातल्या बागदिव्यांत बहुतेक हाच किंवा याचा भाऊ असतो. एक पाय पॅनेलला, एक बॅटरीला, एक मायनसला, एक एलईडीला, आणि बाहेरून फक्त एक कॉइल. १.२ व्होल्टच्या निकेल मेटल हायड्राइड सेलवर हा एलईडी पेटवतो. कॉइलचा मायक्रोहेन्रीतला आकडा (तिच्यावर छापलेलं माप) कमी केला की उजेड वाढतो आणि बॅटरी लवकर संपते. मुलांना दोन-तीन वेगळ्या कॉइल देतो आणि सकाळपर्यंत कोणाचा दिवा टिकला ते वहीत लिहायला सांगतो. गणित, विज्ञान दोन्ही त्यातच होतं.

पॅनेल २ व्होल्टचं, चार सेलचं. सिलिकॉनचा प्रत्येक सेल अर्धा व्होल्ट देतो हे मुलं पट्ट्या मोजून स्वतः शोधतात. ६०० एमएएचच्या सेलला ६० मिलीअँपपर्यंतचं पॅनेल लावलं तर वेगळा चार्जर लागत नाही, क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट हा सेल सोसतो. मग एक मुलगी पॅनेलच्या एकाच पट्टीवर बोट ठेवते आणि सगळं पॅनेल बसतं. सेल एकामागे एक जोडलेले असतात म्हणजे काय, ते त्या बोटाने जेवढं कळतं तेवढं माझ्या फळ्यावरच्या आकृतीने कळत नाही.

पोफळी:

मास्तरांचा शेवटचा मुद्दा आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. आमचं नारळ-पोफळीचं आगर आहे. दिव्यावर पॅनेल लावलं की दिवसभर झावळ्यांची सावली त्याच्यावर फिरते. मोजून बघितलं तर दिवसात तासभरही सलग ऊन मिळत नाही. अशा ठिकाणी प्रत्येक दिव्याला वेगळं पॅनेल हा मार्गच चुकीचा आहे, असं माझं ठाम मत.

मी कौलांवर एकच १२ व्होल्टचं पॅनेल लावलं, घरात १२.८ व्होल्टची फॉस्फेट बॅटरी आणि तिथून वायर आगरभर. दिव्यात तीन एलईडी एकामागे एक आणि एक रोध. दहा दिवे मिळून दोन-अडीच वॅट, म्हणजे वायरमधून ०.२ अँपही जात नाहीत. ३० मीटर लांब, १ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन एक ओहमच्या आसपास रोध, तेव्हा व्होल्टेजची घट ०.२ व्होल्टच्या आत राहते. बारीक वायर पुरते. उंदीर आणि फावडं यांच्यापासून वाचवायला ठिबकच्या १६ मिमीच्या काळ्या नळीतून वायर ओवली. ती उन्हाने तडकत नाही आणि घरात पडूनच असते. बॅटरी घरात असल्याने तिला पाणीही नाही, ऊनही नाही.

आगरातला:

पूर्ण सहमत. मोकळ्या अंगणात आणि पाखाडीवर वेगवेगळे दिवे, झाडाखाली तुमची पद्धत. धाग्याचं शीर्षक वाचून येणाऱ्यांनी हा प्रतिसाद आधी वाचावा. बॅटरीजवळ दोन अँपचा फ्यूज तेवढा घाला. कोयत्याने नळी कापली गेली तर बॅटरी प्रचंड करंट सोडते.

गुलबक्षी:

सोलर पॅनेल दक्षिणेकडेच तोंड करून लावायचं असं ऐकलंय, ते का? आमची बाल्कनी उत्तरेची आहे, म्हणून विचारते.

आगरातला:

वर्षाच्या बहुतेक दिवशी दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेला असतो. रत्नागिरी १७ अक्षांशावर, तिथे डिसेंबरात तो दुपारी ५० अंशांवरच चढतो. पण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे मे ते जुलैमध्ये काही आठवडे सूर्य डोक्यावरून उत्तरेला जातो. शून्य सावलीचे दिवस वर्षातून दोन येतात ते यामुळेच. शिवाय पावसाळ्यातला उजेड सगळ्या आभाळातून येतो, तेव्हा दिशेपेक्षा वर मोकळं आभाळ किती दिसतं ते बघा. मी १५-२० अंश उतार दक्षिणेला देतो, त्याने पाऊसच पॅनेल धुऊन काढतो. सपाट ठेवलं तर कडेला शेवाळ धरतं. उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळाभर थेट ऊन येणार नाही ताई, तिथे पॅनेल गच्चीवर ठेवून वायर खाली आणलेली बरी.

स्प्रेकाठचा:

बर्लिनहून. इथला वाईट महिना डिसेंबर. दुपारी चारच्या आधी सूर्य मावळतो आणि पूर्ण उन्हाच्या हिशेबात दिवसाला अर्धा तास मिळाला तरी खूप. त्यात शून्य अंशाखाली लिथियमचा कुठलाही सेल, फॉस्फेटचासुद्धा, चार्ज करायचा नसतो. आत धातूचा थर जमतो आणि सेल कायमचा खराब होतो. दिवा पेटवायला चालतं, चार्ज करायला नाही. मी पॅनेल ६५ अंशांवर जवळजवळ उभं केलंय, बर्फ त्यावर टिकत नाही, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी सेल काढून घरात ठेवतो. भारतातून इकडे येणाऱ्या कुणी हीच जोडणी जशीच्या तशी बांधू नये म्हणून लिहिलं.

काळोखी:

सगळं वाचलं. मी अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या बाजूची. माझी एक कळकळीची विनंती आहे.

मेच्या शेवटापासून पाऊस चांगला लागेपर्यंत आमच्याकडे काजवे असतात. हिरडा, बेहडा, जांभळाची झाडं रात्री लखलखतात. नर उडत उडत उजेड टाकतो, मादी पानावरून किंवा गवतातून उत्तर देते, आणि एवढ्यावर त्यांची भेट ठरते. भोवती दिवा असला की ती खूण दिसत नाही. प्रौढ काजव्याचं आयुष्य थोड्या दिवसांचं, भेट झाली नाही तर अंडीच नाहीत. लोक काजवे बघायला येतात आणि तेच लोक शेतघराच्या कुंपणावर रात्रभर जळणारे पांढरे दिवे लावतात.

सोलर म्हटलं की वीजबिल नाही, म्हणून कितीही लावा, असं होतं. दादांनी सुरुवातीला वीस ल्युमेन आणि तोंड खाली असं लिहिलं, ते वाचून फार बरं वाटलं. वॉर्म रंगाने पतंग-किडे कमी येतात हे खरं, पण काजव्यांसाठी पिवळा दिवासुद्धा दिवाच. त्या दिवसांत बंद करता यायला हवा. तुमच्या जोडणीत बंद करायचं बटण कुठे आहे?

आगरातला:

बटण नव्हतं. आज चहाआधी आकृतीत घातलं. ड्रेन आणि रोधाच्या मधे साधा टॉगल स्विच, टोपीखाली. चार्जिंग सुरूच राहतं, फक्त एलईडी तुटतो. आमच्याही आगराच्या मागच्या अंगाला जूनमध्ये काजवे येतात, तिकडचे दिवे आता तेवढे दिवस बंद राहतील.

तारायंत्र:

स्विचऐवजी माणूस आल्यावरच लागेल असंही करता येतं. एएम३१२ हा छोटा पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) २.७ व्होल्टपासून चालतो, म्हणजे फॉस्फेटच्या सेलवर थेट, आणि स्वतः ०.१ मिलीअँपसुद्धा खात नाही. एचसी-एसआर५०१ घेऊ नका, त्याला साडेचारच्या वर लागतात. सेन्सरच्या आउटपुटला एक एनपीएन ट्रान्झिस्टर लावून एलईडीची मायनस बाजू त्यातून न्यायची. रात्रभराच्या ११ तासांऐवजी दिवा जेमतेम अर्धा तास जळेल, ६६० एमएएचच्या जागी तीस-चाळीस पुरतील. मग १ वॅटचं पॅनेल आणि १५०० एमएएचचा सेलही झडीत तग धरेल. मांजर गेलं तरी लागतो, पण क्षणभरच.

काळोखी:

हे फारच छान. आमच्या वाडीतल्या घरगुती मुक्कामवाल्यांना असेच दिवे हवे आहेत. तारायंत्र, एनपीएन कोणता आणि बेसला किती ओहम, तेवढं लिहाल का? सामान आणायला परवा संगमनेरला जाणार आहे.

तारायंत्र:

बीसी३३७. बेसला १ किलोओहम, आणि बेस ते मायनस १०० किलोओहम. सेन्सर टोपीखाली असा बसवा की त्याच्या भिंगावर थेट ऊन किंवा पावसाचं पाणी पडणार नाही. जोडल्यावर पहिलं मिनिटभर तो मनाला येईल तसा लागतो-विझतो, ते होऊ द्या आणि मग तपासा.